आधी परतीचं तिकीट काढ

«ताई, जूनमध्ये मरोळच्या एका कंपनीत लागलो. विम्याचं सॉफ्टवेअर आहे, जावामधलं, मी शाळेत होतो तेव्हापासून चालू असलेलं. एकेक फाइल दोन-तीन हजार ओळींची. सर सांगतात, 'प्रीमियम कुठकुठून कॅल्क्युलेट होतो ते बघून सांग,' आणि मी माऊसचं चाक फिरवत बसतो. दुपारपर्यंत वर पंचवीस टॅब उघडलेले असतात आणि सुरुवात कुठून केली तेच आठवत नाही. स्क्रीन शेअर करायला सांगितलं की हाताला घाम फुटतो. सकाळी घाटकोपरपर्यंत लोकलमध्ये आणि पुढे मेट्रोत शॉर्टकटचे व्हिडिओ बघतो, पण मरोळ नाक्याला उतरेपर्यंत निम्मे विसरलेले असतात. टीममधला एक जण विम नावाचा एडिटर (कोड लिहायचा-वाचायचा प्रोग्रॅम) वापरतो, माऊसला हातही लावत नाही. मी माझा एडिटर व्हीएस कोड सोडून विम शिकू का? की सरळ एआयलाच विचारत जाऊ? — चाक फिरवून दमलेला, मुलुंड»

अरे मुलुंडकरा,

विमचं नंतर बघू. तुझ्या पत्रात मी अडले ती पंचवीस टॅबपाशी. एफ१२ दाबलं की मेथड (कोडमधला नाव दिलेला कामाचा तुकडा) जिथे लिहिली आहे तिथे जाता येतं, हे व्हिडिओवाल्यांनी तुला केव्हाच सांगितलं असणार. तरी तू ते दाबत नाहीस, कारण तिकडे गेल्यावर परत कसं यायचं ते माहीत नाही. मग हातातली जागा सुटू नये म्हणून ती फाइल तशीच उघडी ठेवायची, दुसरी शेजारी उघडायची, तिच्यातून तिसरी. टॅबची रांग म्हणजे तुझी आठवणवही झाली आहे आणि पंचविसाव्या पानावर ती वाचता येईनाशी होते. चाक फिरवणं कितीही संथ असलं तरी त्यात हरवायची भीती नाही, म्हणून हात तिकडे वळतो.

तेव्हा आधी परतीचं तिकीट काढ, मग पाहिजे तिथे फिर. विंडोजवरच्या व्हीएस कोडमध्ये ऑल्ट आणि डावा बाण दाबला की तू याआधी जिथे होतास तिथे परत येतोस. त्याच फाइलमधल्या आधीच्या ओळीवर किंवा आधीच्या फाइलवर, जिथे असशील तिथे. पुन्हा दाबलं की त्याच्याही आधीच्या जागी. ऑल्ट आणि उजवा बाण म्हणजे पुन्हा पुढे. मॅक असेल तर कंट्रोल आणि वजाबाकीचं चिन्ह. इंटेलिजे या जावाच्या एडिटरमध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि डावा बाण. (जुन्या इंटेल ग्राफिक्सच्या लॅपटॉपवर हेच त्रिकूट अख्खा स्क्रीन आडवा करायचं, असं झालं तर घाबरू नकोस, ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये ते बंद करता येतं.) विममध्ये कंट्रोल-ओ मागे आणि कंट्रोल-आय पुढे. ईमॅक्स हा एडिटर वापरणारे एखाद्या डेफिनिशनला (मेथड जिथे लिहिली आहे त्या जागी) गेल्यावर मेटा (बहुधा ऑल्ट) आणि स्वल्पविराम दाबून परत येतात. बहुतेक नावाजलेल्या एडिटरमध्ये ही सोय असते, तरी व्हिडिओंमध्ये ती नेहमी शेवटी आणि घाईघाईत येते.

एडिटर प्रत्येक हालचाल लक्षात ठेवत नाही, हेही ध्यानात घे. दोन ओळी खाली गेलास, वर आलास, तर त्याची वेगळी नोंद होत नाही. लांबची उडी मारलीस, दुसऱ्या फाइलमध्ये गेलास, तर आधीची जागा जपली जाते. विममध्ये हा नियम लेखी आहे: शोध घेणं, फाइलच्या टोकाला जाणं, जुळणाऱ्या कंसाकडे जाणं या उड्या धरल्या जातात, जे आणि के दाबत ओळीओळीने सरकणं धरलं जात नाही, आणि शेवटच्या १०० उड्या लक्षात राहतात. म्हणजे तू बराच खोल गेलास तरी मागचा माग राहतो. तुला तो डोक्यात धरून ठेवायची गरज नाही.

याच घरातलं आणखी एक, व्हीएस कोडमध्ये: कंट्रोल धरून के, मग कंट्रोल धरून क्यू. याने तू शेवटचा बदल जिथे केलास तिथे जातोस. एखादी ओळ लिहिता लिहिता «हा कॉन्स्टंट कुठला?» म्हणून पाच फाइली फिरून आलास की हे वापर. दिवसभरात मला हे जितकं लागतं तितकं दुसरं काही लागत नाही.

टॅबबद्दलही सांगते. डावीकडच्या यादीत फाइलवर एकदाच क्लिक केलंस तर टॅबवरचं नाव तिरप्या अक्षरात दिसतं. ती नुसती बघायला उघडलेली फाइल असते, पुढची उघडली की तीच टॅब पुन्हा वापरली जाते. दोनदा क्लिक केलंस किंवा काही टाइप केलंस की मगच ती कायमची होते. तू सवयीने दोनदा क्लिक करत असणार, म्हणून ही पंचविसांची जत्रा भरते. एका क्लिकवर ये. आणि कंट्रोल धरून टॅब दाबलंस तर उघड्या फाइली तू ज्या क्रमाने वापरल्यास त्या क्रमाने येतात. दोन फाइलींत ये-जा करायला तेवढं पुरतं.

आता तुझ्या सरांचा प्रश्न: प्रीमियम कुठकुठून कॅल्क्युलेट होतो.

सुरुवात फाइल शोधण्यापासून. डावीकडचं फोल्डरांचं झाड उलगडत बसू नकोस. कंट्रोल-पी दाब आणि नावाची अक्षरं टाइप कर. पूर्ण नाव लागत नाही. प्रीमियम-कॅल्क्युलेशन-सर्व्हिस अशी फाइल असेल तर तिन्ही शब्दांची पहिली अक्षरं, पी सी एस, एवढ्यावर ती वर येते. ही सोय आज बहुतेक सगळीकडे आहे. लॉगमध्ये एरर येते तेव्हा स्टॅक ट्रेसमध्ये (कोणत्या मेथडने कोणाला बोलावलं त्या यादीत) फाइलचं नाव, मग विसर्गासारखी दोन टिंबं आणि ओळीचा आकडा असतो ना? तो तुकडा जसाच्या तसा उचलून कंट्रोल-पीच्या चौकटीत चिकटव. थेट त्या फाइलच्या त्या ओळीवर जाशील. नवीन मुलं फाइल उघडून ४१२व्या ओळीपर्यंत चाक फिरवताना दिसतात तेव्हा मला अक्षरशः हात धरावासा वाटतो.

फाइल उघडली. तीन हजार ओळी. इथे कंट्रोल, शिफ्ट आणि ओ. त्या फाइलमधल्या सगळ्या मेथडची यादी येते, नाव टाइप करत गेलं की ती गाळली जाते. कोणत्या फाइलमध्ये आहे हेच माहीत नसेल, फक्त क्लासचं (मेथड ज्याच्या आत लिहिलेल्या असतात त्याचं) नाव ठाऊक असेल, तर कंट्रोल-टी. हे पूर्ण प्रोजेक्टमध्ये शोधतं.

मेथडपर्यंत पोचलास. कर्सर तिच्या नावावर ठेव आणि शिफ्ट-एफ१२ दाब. ती जिथे जिथे वापरली आहे त्या सगळ्या जागा एका छोट्या खिडकीत दिसतात. पण एस्केप दाबलं की ती खिडकी जाते, आणि तुला तर यादी हातात धरून एकेक बघायचं आहे. म्हणून शिफ्ट, ऑल्ट आणि एफ१२ तिन्ही. यादी डावीकडे पट्टीत येऊन थांबते आणि एफ४ दाबत पुढच्या पुढच्या जागी जाता येतं. तू जे पाच-पाच टॅब उघडून करतोस ते यात एकाही नव्या कायमच्या टॅबशिवाय होतं.

त्या मेथडला कॉल करणाऱ्या, म्हणजे बोलावणाऱ्या, मेथडला कोण कॉल करतं आणि त्याला कोण, अशी साखळी वर वर न्यायची असेल तर शिफ्ट, ऑल्ट आणि एच. कॉल हायरार्की नावाचं झाड उघडतं. विम्याच्या कोडमध्ये हे सोनं आहे. नवी पॉलिसी, नूतनीकरण, मध्येच रक्कम बदलणं, रात्रीची बॅच (आपोआप एकगठ्ठा चालणारं काम), असे चार वेगवेगळे रस्ते एकाच कॅल्क्युलेशनला येऊन मिळतात, आणि ते झाड एक-एक फांदी उघडून दाखवतं. सरांना पाठवायचं उत्तर जवळजवळ तिथेच तयार असतं.

लॅपटॉपवर एफच्या कळा दाबल्यावर आवाज कमी-जास्त होत असेल तर त्यांच्यासोबत एफएन नावाची कळ दाबावी लागते, किंवा एफएन लॉक करावं लागतं. क्षुल्लक वाटेल, पण कित्येक जण याच एका अडचणीने एफ१२ सोडून देतात.

इथपर्यंत सगळं सरळ होतं. जुन्या जावा कोडमध्ये जिथे खरं अडतं ते आता. प्रीमियम काढणाऱ्या सर्व्हिसवर एफ१२ दाबलंस आणि पाच ओळींच्या एका रिकाम्या इंटरफेसवर जाऊन पडलास, असं झालं असेल. आत काहीच नाही, नुसती मेथडची नावं. खरा कोड इम्पल नावाने संपणाऱ्या दुसऱ्याच क्लासमध्ये असतो. तिथे कंट्रोल-एफ१२ लागतं. ते इंटरफेसवर न थांबता थेट अंमलबजावणीवर नेतं. एकापेक्षा जास्त असतील तर यादी देतं, आणि ती यादी नीट वाच. मोटार, आरोग्य, आयुर्विमा असे प्रत्येकाचे वेगळे क्लास असतील तर तुझ्या सरांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे.

दुसरी अडचण याहून कपटी. शिफ्ट-एफ१२ने «काही सापडलं नाही» म्हटलं म्हणजे ती मेथड कुणी वापरत नाही, असं समजू नकोस. एडिटर फक्त कोडमध्ये सरळ लिहिलेले कॉल बघतो. स्प्रिंग या जावाच्या तयार चौकटीवर बांधलेल्या जुन्या प्रोजेक्टमध्ये क्लासचं नाव एक्सएमएल (सेटिंगच्या) फाइलमध्ये मजकूर म्हणून लिहिलेलं असतं. कुठे मेथडचं नाव डेटाबेसच्या टेबलातून वाचून रिफ्लेक्शनने (प्रोग्रॅम चालू असताना नुसत्या नावावरून) बोलावलेलं असतं. कुठे नाव तुकडे जोडून तयार होतं. एडिटरला यातलं काही दिसत नाही. «कोणी वापरत नाही» म्हणून काढून टाकलेली मेथड महिनाअखेरच्या बॅचमध्ये लागते, आणि ते त्या रात्रीच कळतं.

तिथे साधा मजकूर शोधच कामाला येतो: कंट्रोल, शिफ्ट आणि एफ. मेथडचं किंवा क्लासचं नाव टाक आणि खालच्या चौकटीत फक्त एक्सएमएल फाइली बघायला सांग. व्हीएस कोड या शोधासाठी आतून रिपग्रेप नावाचं साधन वापरतं, म्हणून तो इतक्या मोठ्या कोडवरही पटकन होतो. गिट या कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाला दुर्लक्षित करायला सांगितलेल्या फाइली मात्र तो मुळात बघतच नाही. बहुतेक वेळा हे बरंच आहे, नाहीतर बिल्डच्या (कोडपासून प्रोग्रॅम तयार करण्याच्या) फोल्डरमधल्या कॉप्याच कॉप्या येतील. पण बिल्डमध्ये तयार होणाऱ्या कोडमध्ये काही शोधायचं असेल तर ते दुर्लक्षाचं बटण बंद करावं लागतं. शोधाच्या चौकटीजवळचा दातेरी चाकाचा लहानसा आयकॉन तो.

लॉगमधला संदेश शोधताना पॉलिसीचा क्रमांक, रक्कम, तारीख असं बदलणारं काही टाकू नकोस. कोडमध्ये ते नसतंच, तिथे व्हेरिएबल असतं. मधला स्थिर तुकडा, तोही शक्यतो विचित्र शब्द असलेला, तेवढाच उचल. आणि तो सापडला की ऑल्ट आणि डावा बाण आहेच.

हे सगळं करूनही दोन रस्त्यांपैकी खरा कोणता हे ठरत नसेल तर वाचणं थांबव. कॅल्क्युलेशनच्या मेथडमध्ये ब्रेकपॉइंट (कोड थांबवायची खूण) लाव, डीबगरमधून (चुका शोधायच्या साधनातून) प्रोग्रॅम चालव, एक खोटी पॉलिसी भर. कोड तिथे थांबला की डावीकडे कॉल स्टॅक दिसतो: कोणी कोणाला बोलावलं, खालपासून वरपर्यंत. त्यातल्या प्रत्येक ओळीवर क्लिक केलं की त्या जागी जातोस. मध्ये स्प्रिंगच्या स्वतःच्या बऱ्याच ओळी घुसलेल्या असतात, त्या सोडून तुमच्या कंपनीच्या पॅकेजचं नाव असलेल्या तेवढ्या बघ. एफ१२ सांगतं की कोड कुठे कुठे जाऊ शकतो. कॉल स्टॅक सांगतो की या वेळी तो कुठून आला. सरांना कोणतं हवं आहे ते आधी विचार.

आणि एफ१२ काहीच करत नसेल तर कळांना दोष देण्याआधी बघ की तू काय उघडलं आहेस. एकटी फाइल उघडलीस, किंवा आतलंच एखादं फोल्डर, तर व्हीएस कोडला प्रोजेक्टचा पत्ताच नसतो. जिथे मुख्य पॉम डॉट एक्सएमएल (प्रोजेक्टची माहिती असलेली फाइल) आहे ते फोल्डर उघड. जावाचं एक्स्टेंशन टाकलेलं हवं, आणि उघडल्यावर खालच्या पट्टीत त्याचं लोडिंग संपेपर्यंत थांबायला हवं. एवढ्या जुन्या प्रोजेक्टला वेळ लागतो. तेवढ्यात चहा होतो.

आता विम. बिल जॉयने १९७६ मध्ये बर्कलीत विमचा पूर्वज व्हीआय हा एडिटर लिहिला तेव्हा त्याच्यासमोर एडीएम-३ए हे टर्मिनल होतं, आणि त्या कळफलकावर बाण छापलेले होते ते एच, जे, के, एल या अक्षरांवर. तुझा मित्र आज ज्या कळा दाबून सगळ्यांना थक्क करतो त्या तिथून आल्या. ब्राम मोलेनार यांनी १९९१ मध्ये विम लोकांपुढे आणला आणि २०२३ मध्ये जाईपर्यंत तो सांभाळला. मला त्या एडिटरबद्दल आदर आहे. पण तुझ्या मित्राचा जो वेग दिसतो तो मुख्यतः मजकूर बदलण्याचा आहे. तुला अडचण मजकूर बदलण्यात नाही, जागा शोधण्यात आहे.

आणि जागा शोधण्यात आता एडिटर-एडिटरमध्ये फारसं अंतर राहिलेलं नाही. पूर्वी विमवाले सीटॅग्ज चालवून सगळ्या फंक्शनच्या पत्त्यांची एक फाइल बनवायचे आणि तिच्यावरून उड्या मारायचे. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल खुला केला. त्यामुळे «ही मेथड कुठे लिहिली आहे» हा प्रश्न एडिटर स्वतः सोडवत नाही, मागे चालणाऱ्या वेगळ्या प्रोग्रॅमला विचारतो. तुझा मित्र विममध्ये जावाच्या डेफिनिशनला जात असेल तर बहुधा असाच एखादा सर्व्हर त्यालाही उत्तर देत असेल. म्हणजे एडिटर बदलून तुला नवं उत्तर मिळणार नाही, फक्त पुढचे तीन महिने तू आणखी संथ होशील, आणि तेही नव्या नोकरीत.

विममधलं एवढंच मात्र आजच शिक: फाइल उघडणं, तिरकी रेघ देऊन शोधणं, आणि न बदलता बाहेर पडणं. ते कधीतरी सर्व्हरवर लागेल. तिथे कळफलक मराठीवर राहिलेला नाही ना तेवढं बघ, नाहीतर विमला तुझं काहीच कळत नाही आणि तुला वाटतं सर्व्हर अडकला.

माऊस सोडायचीही गरज नाही. कंट्रोल धरून नावावर क्लिक केलं तरी एफ१२चंच काम होतं. लॅमिंग्टन रोडवर अंगठ्यापाशी दोन जादा बटणं असलेले साधे माऊस मिळतात. ती बटणं व्हीएस कोडमध्ये मागे-पुढे जायला चालतात. कळफलकावर हात ठेवूनच काम करणारा तो खरा प्रोग्रॅमर, असं मानणाऱ्यांचं मनावर घेऊ नकोस.

लोकलमधले व्हिडिओ बंद कर, झोप काढ किंवा गाणी ऐक. हात कळफलकावर नसताना पाहिलेला शॉर्टकट टिकत नाही. त्याऐवजी असं कर. कंट्रोल, शिफ्ट आणि पी दाबलं की सगळ्या कमांडची यादी येते. तुला हवं ते साध्या शब्दांत टाइप कर, जसं गो बॅक, गो टू इम्प्लिमेंटेशन, कॉल हायरार्की. प्रत्येकासमोर त्याचा शॉर्टकट लिहिलेला असतो. आठवत नसेल तर यादीतूनच एंटर मारून काम कर. दिवसातून बऱ्याचदा लागणाऱ्या कमांडचा शॉर्टकट तिथे बघून बघून आपोआप बोटांत येतो, आणि जो येत नाही तो तुला लागतच नाही. पहिल्या आठवड्यात फक्त मागे जाणं आणि कंट्रोल-पी. बाकीचं हातातलं काम मागेल तेव्हा.

स्क्रीन शेअर करताना तोंडाने बोलत जा: «हा इंटरफेस आहे, इम्पलला जातो... हा नाही, परत येतो.» बघणाऱ्याला तू काय करतो आहेस ते कळतं आणि तो मध्ये सूचना करायचा थांबतो. हात चुकीच्या फाइलमध्ये गेला तरी परत येताना दिसलास की कुणाला त्यात काही वाटत नाही. तुझे सरही दिवसातून कितीदा तरी तसंच करत असतील.

एआयचं म्हणशील तर कंपनीने परवानगी दिली असेल आणि कोड बाहेर जात नसेल तर जरूर विचार. «प्रीमियम कुठे कॅल्क्युलेट होतो» या प्रश्नाला तो पटकन चार फाइलींची नावं देईल, आणि सुरुवात म्हणून ते चांगलंच आहे. फक्त त्यातली एखादी फाइल अस्तित्वातच नसू शकते, आणि एक्सएमएलमधून बांधलेला पाचवा रस्ता त्याच्याकडूनही सुटू शकतो. तेव्हा त्याने दिलेलं प्रत्येक नाव कंट्रोल-पीमध्ये टाकून उघड, शिफ्ट-एफ१२ दाबून बघ, आणि मगच सरांना पाठव.